आशा असलेल्यांचा शोक

(शास्त्रवाचन : १ थेस्सल. ४:१३-१८, लूक ७:११-१५, योहान ११:१७-४४)

दफनविधीच्या वेळी आपल्या मंडळ्यांत जे शास्त्रभाग हमखास वाचले जातात, त्यांत थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय असतोच. ख्रिस्तात निजलेल्यांविषयी तुम्ही अंधारात राहू नका. आशेवाचून जगणारे लोक ज्या रीतीने दुःख करतात ती रीत तुमची नसावी, असा तेराव्या वचनाचा भावार्थ आहे. हे वचन आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते आपण नीट वाचतो की नाही याचीच शंका येते. ही शंका आम्हांला आली ती आमच्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुण बहिणीचे अडीच वर्षांचे मूल तापाने दगावले. कबरस्थानातून परत आल्यावर घरी प्रार्थना ठेवली होती. पाळकसाहेब परगावी असल्यामुळे ती चालविण्याचे काम आमच्याकडे आले. ती बहीण भिंतीला टेकून मोठमोठ्याने रडत होती. आम्ही हाच अध्याय वाचला आणि तिला म्हणालो, "ताई, रडू नका. आपण आशा नसलेल्यांपैकी नाही." ती एकदम गप्प झाली. वचनाने काम केले, असे समजून आम्ही घरी आलो. पंधरा दिवसांनी तिच्या सासूबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "ती रात्री मोरीत नळ सोडून रडते, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मला विचारते, आई, रडू येते म्हणजे माझा विश्वास गेला का?"

ज्या वचनाने तिला आधार द्यायचा, त्याच वचनाने आम्ही तिच्या तोंडाला कुलूप घातले होते. तेव्हापासून ते वचन आम्ही पुन्हा पुन्हा वाचत आलो आहोत.

पौलाच्या वाक्याचे वजन 'आशेवाचून' ह्या शब्दावर आहे. मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ 'मुळीच शोक करू नका' असा लावणारे काही भाष्यकार आहेत, हे खरे. परंतु हाच पौल फिलिप्पैकरांस लिहिताना काय सांगतो ते पाहा (फिलिप्पै. २:२७). एपफ्रदीत आजारातून उठला म्हणून पौल देवाचे आभार मानतो. तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते, असे तो उघडपणे कबूल करतो. स्तेफन मारला गेला तेव्हा त्याला पुरणाऱ्या भक्तिमान माणसांनी मोठा विलाप केला, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे (८:२). स्तेफनाने तर आकाश उघडलेले पाहिले होते! त्याच्या तारणाविषयी त्या माणसांना तिळमात्र शंका नव्हती, तरी ती रडली. आणि बेथानीस आपला प्रभू काय करतो? घटका-अर्धघटकेत लाजर बाहेर येणार आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो मरीयेला रडताना पाहून स्वतः रडतो.

येथे कोणी म्हणेल, नाईन गावच्या विधवेला तर प्रभूनेच रडू नको असे सांगितले. बरोबर आहे. पण ते सांगून प्रभूने पुढे होऊन तिरडीला हात लावला आणि तिचा मुलगा जिवंत करून तिच्या स्वाधीन केला. तसे सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. ज्याच्या हातात मूल परत देण्याचे सामर्थ्य नाही, त्याने ते शब्द प्रभूकडून उसने घेऊन वापरू नयेत, असे आम्हांला वाटू लागले आहे.

मग विश्वासणाऱ्या माणसाने शोक करायचा तो कसा? ह्या प्रश्नाच्या मागे लागून वाचन करता करता आम्ही अमेरिकेच्या आरंभीच्या काळातील काही स्त्रियांपर्यंत जाऊन पोहोचलो. आमची ही निवड अगदीच दूरची नाही. १८१३ साली मुंबईत येऊन मराठी लोकांत काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंड भागातील ज्या मंडळ्यांनी पाठविले, त्या मंडळ्यांच्या आज्या-पणज्या म्हणजे ह्या स्त्रिया. त्यांतल्या काहींनी आपले दुःख स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. पुरुष उपदेशकांनी मरणावर लिहिलेल्या पुस्तकांना कधीच तोटा नव्हता. मूल गमावलेल्या बाईने स्वतः लिहिलेले मात्र त्या काळी थोडे.

इंग्लंडमधील छळाला कंटाळून १६३० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन राहिलेले हे लोक प्युरिटन पंथाचे. चिमणीसुद्धा पित्यावाचून भूमीवर पडत नाही, हे शिकवण ते अक्षरशः मानीत. घरात मूल गेले की देव आपल्याला काय सांगत आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे लगेच उभा राही. आणि आईच्या मनात त्याचे उत्तर बहुतेक एकच येई : मी ह्या बाळावर देवाहून अधिक प्रेम केले काय? मूल हेच माझी मूर्ती झाले होते काय? त्यात भर अशी की मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या रोमन प्रथेची छाया नको म्हणून आरंभीच्या काळात ते कबरेजवळ उपदेशही करीत नसत आणि प्रार्थनाही करीत नसत. लोक प्रेतामागून चालत जात, माती देत आणि परत येत. तत्त्वासाठी ते ठीक असेल, पण आईने काय करायचे? तिच्यासाठी त्या विधीत एक शब्दही नव्हता.

ॲन ब्रॅडस्ट्रीट ह्या बाई १६३० मध्येच आपले आईवडील व पती यांच्याबरोबर जहाजाने तेथे आल्या. त्या वेळी त्या अठराएक वर्षांच्या होत्या. वडील आणि पती दोघेही पुढे त्या वसाहतीचे गव्हर्नर झाले. बाईंना आठ मुले झाली. घर, रानातली वस्ती, वारंवार येणारे आजारपण हे सारे सांभाळून त्या कविता लिहीत. त्यांचा पहिला संग्रह १६५० मध्ये लंडनला छापला गेला. अमेरिकेतील वसाहतीत राहणाऱ्या कोणाचाही हा पहिला छापील काव्यसंग्रह, आणि तो एका बाईचा! पण आपला विषय त्यांच्या म्हातारपणीच्या चारपाच वर्षांचा आहे.

१६६५ च्या ऑगस्टमध्ये त्यांची दीड वर्षाची नात एलिझाबेथ वारली. १६६९ च्या जूनमध्ये दुसरी नात वारली. तिचे नाव आजीचेच, ॲन. वय तीन वर्षे सात महिने. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नातू सायमन एक महिना आणि एक दिवसाचा होऊन गेला. ह्या मुलांची आई, बाईंची सून मर्सी, हीही त्याच सुमारास ऐन अठ्ठाविशीत वारली. बाईंनी ह्या चौघांवर चार कविता लिहिल्या. वय महिन्यांपर्यंत आणि दिवसापर्यंत मोजून मथळ्यात लिहिले आहे. लेकराचे वय असे मोजून सांगणारी आजी आपल्याही घरोघर असते.

एलिझाबेथवरील कवितेत त्या आधी स्वतःला समजावतात : ती तर अनंतकाळच्या घरी सुखरूप पोहोचली, मग मी का रडावे? येथपर्यंत कोणताही उपदेशक लिहील तेच आहे. पण पुढच्याच कडव्यात त्या शेताबागेकडे वळतात. झाडे वाढून जुनी झाल्यावर कुजतात, फळ पिकल्यावर गळते, गवत वाढल्यावर कापले जाते. ह्या सगळ्याला निसर्गाचा नियम आहे. परंतु नुकतेच लावलेले रोप उपटले जावे, कळी उमलली न उमलली तोच खुडली जावी, ह्याला निसर्गाचा नियम नाही. हे केवळ त्याच्या हातचे काम. कवितेत आरोप नाही. पण ज्याच्या दारी प्रश्न ठेवायचा त्याच्याच दारी त्यांनी तो ठेवला आहे, आणि ठेवून त्या तेथून निघून गेलेल्या नाहीत.

धाकट्या ॲनच्या कवितेत त्या स्वतःला दोष देतात की एवढ्या अनुभवानंतरही मी कोमेजणाऱ्या फुलाला टिकाऊ समजत राहिले. मग दाविदाप्रमाणे म्हणतात की तू माझ्याकडे येणार नाहीस, मीच तुझ्याकडे येईन (२ शमुवेल १२:२३). महिन्याच्या सायमनवर लिहिताना तर शब्द फार थोडे उरतात. तिन्ही फुले सर्वसमर्थाच्या हाताने खुडली आहेत. तरी तो चांगला आहे असे आपण म्हणू या. का, ते विचारू नये. विलापगीतात सांगितल्याप्रमाणे तोंड धुळीला लावून म्हणू या की तो न्यायी आहे तसा दयाळूही आहे. ह्या ओळींत बंडाचा सूर दडला आहे असे काही अभ्यासक म्हणतात. काहींना त्यात निखळ शरणागती दिसते. आम्हांला वाटते, येथे एक म्हातारी बाई दात आवळून विश्वासाचे वाक्य म्हणत आहे. तिला ते पटले आहे म्हणून ती म्हणते असे नाही. ते म्हणता म्हणता पटावे म्हणून ती म्हणते. असा विश्वास खोटा असतो काय? अर्ध्याहून अधिक स्तोत्रकर्ते मग खोटे ठरतील.

ह्याच बाईंनी मुलांसाठी लिहून ठेवलेल्या एका पत्रात मोकळेपणाने सांगितले आहे की देव आहे की नाही, शास्त्र खरे आहे की नाही, अशा शंकांनी मला अनेकदा गाठले. गव्हर्नराच्या मुलीने, मंडळीच्या आदर्श सभासदाने हे लिहावे! त्यांनी शंका मुलांपासून लपविली नाही, म्हणून त्यांच्या आशेवरही मुलांना विश्वास ठेवता आला असेल. १६७२ मध्ये त्या वारल्या.

आता दुसरी बाई. हिची हकीकत अधिक कठीण आहे आणि तीत आपल्याला बोचणारे बरेच आहे.

मेरी रोलंडसन ह्या मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावच्या पाळकांच्या पत्नी. इंग्रज वसाहतवाले जमिनी बळकावीत चालले म्हणून तेथील मूळ रहिवाशांनी मेटाकॉम नावाच्या पुढाऱ्याखाली १६७५ मध्ये युद्ध पुकारले. इंग्रज त्याला फिलिप राजा म्हणत. १६७६ च्या १० फेब्रुवारीला लँकेस्टरवर हल्ला झाला. पाळकसाहेब मदत मागण्यासाठी बॉस्टनला गेले होते. मेरीबाईंच्या कुशीतून गेलेली गोळीच त्यांच्या कडेवरच्या सहा वर्षांच्या सेरालाही लागली. दोघींना कैद करून रानावनातून, बर्फातून नेण्यात आले. नवव्या दिवशी सेरा आईच्या मांडीवर गेली. ती रात्र बाईंनी त्या निष्प्राण देहाशेजारी पडून काढली. एरवी प्रेत असलेल्या खोलीत थांबणेही आपल्याला जमत नसे, असे त्यांनी लिहिले आहे. सकाळी पकडणाऱ्यांनीच मुलीला एका टेकडीवर पुरले आणि ती जागा बाईंना दाखविली.

सुमारे अकरा आठवडे त्या कैदेत होत्या. लुटीत सापडलेले एक पवित्र शास्त्र एका माणसाने त्यांना आणून दिले, त्यावर त्यांनी ते दिवस काढले. उघडले तेव्हा अनुवादाचा अठ्ठाविसावा अध्याय निघाला, म्हणजे शापांचा! त्यांना वाटले, संपले सारे. पण त्या वाचत गेल्या आणि तिसाव्या अध्यायाशी पोहोचल्या. तेथे विखुरलेल्यांना परत गोळा करण्याचे अभिवचन आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुःखी माणसाच्या हाती शास्त्र उघडते ते कित्येकदा चुकीच्या पानावर. त्याच्याबरोबर बसून दोन पाने पुढे वाचणारा कोणी हवा असतो.

मेच्या आरंभी खंडणी भरून त्यांची सुटका झाली. उरलेली दोन मुलेही पुढे परत मिळाली. १६८२ मध्ये त्यांनी आपला अनुभव छापला आणि ते पुस्तक घरोघर वाचले गेले. शेवटी त्या लिहितात की घरदार पुन्हा मिळाले, तरी रात्री सगळे झोपलेले असताना मी जागी असते आणि माझे डोळे वाहत असतात. देवाने कसे सोडविले ह्याची साक्ष देणाऱ्या पुस्तकात त्यांनी हे लिहिले आहे. तारणाची साक्ष आणि रात्रीचे रडे एकाच पानावर! आमच्या त्या बहिणीला हे पान तेव्हा वाचून दाखविता आले असते तर!

पण येथेच थांबून चालणार नाही. कैदेत ज्या बाईच्या घरी त्या चाकरीला होत्या तिचे नाव वीटामू. ती आपल्या टोळीची प्रमुख होती. त्या मुक्कामात वीटामूचेही लहान मूल आजारी पडून वारले. ह्यावर मेरीबाई काय लिहितात? झोपडीत जरा ऐसपैस जागा झाली, एवढा एक फायदा झाला! दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळ पुरले. सकाळ-संध्याकाळ लोक येऊन त्या आईबरोबर आक्रोश करीत. मला काही त्यांच्या दुःखात फारसे सामील होता आले नाही, असेही त्या कबूल करतात.

स्वतःचे मूल पुरून पुरते तीन महिनेही झाले नव्हते. बरे, ज्यांना त्या रानटी म्हणत, त्याच लोकांनी त्यांना आसवे गाळताना पाहून का रडतेस म्हणून विचारले होते, तुला कोणी मारणार नाही असा धीर दिला होता, कोणी दोन चमचे पीठ आणि कोणी थोडे वाटाणे हातावर ठेवले होते. हेही मेरीबाईंनीच लिहिले आहे. ते लिहिण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता, पण त्यावरून वीटामूच्या बाळाकडे वळण्याइतके मन त्या वेळी मोकळे नव्हते. त्यांना दोष देणे आम्हांला सोपे आहे. आमची लेकरे कोणी मारली नाहीत. तरी शास्त्राभ्यास करणाऱ्याने हे पान डोळे झाकून उलटू नये.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीटामू नदी ओलांडताना बुडून मेली. इंग्रजांनी तिचे शिर कापून टॉन्टन गावात खांबावर लावले. तेथे कैदेत असलेल्या तिच्या माणसांनी ते ओळखून टाहो फोडला. त्या रडण्याला एका नामांकित पाळकाने आपल्या इतिहासात सैतानी म्हटले. आपले रडणे तो विलाप, आणि दुसऱ्याचे तो आरडाओरडा? राहेल आपल्या मुलांसाठी रडते असे यिर्मया म्हणतो, तेव्हा ती कोणाची भाषा बोलते, कोणत्या मंडळीत जाते, हे देव विचारीत नाही.

तिसरी हकीकत थोडक्यात सांगतो. जोनाथन एडवर्ड्स ह्या थोर ईश्वरविज्ञानपंडिताचे नाव धर्मशिक्षण घेतलेल्या वाचकांना ठाऊक असेल. प्रिन्स्टन येथील कॉलेजचे अध्यक्षपद घेण्यासाठी ते १७५८ च्या आरंभी पुढे गेले. पत्नी सेरा व काही मुले अजून मागे होती. देवीची टोचणी करून घेतल्यावर तोच आजार बळावून २२ मार्चला ते वारले. ह्या जागी त्यांच्या आधी त्यांचे जावई ॲरन बर हे होते. तेही आदल्या सप्टेंबरातच वारले होते. म्हणजे मुलगी एस्तेर सहा महिन्यांत आधी नवऱ्याला आणि मग बापाला मुकली. सेराबाई स्वतः आजारी होत्या, लेखणी धरवत नव्हती. तरी ३ एप्रिलला त्यांनी एस्तेरला चार ओळी लिहिल्या. मी काय बोलू, असाच त्या पत्राचा आरंभ आहे. एका काळ्या ढगाने देवाने आपल्याला झाकून टाकले आहे, असे त्या लिहितात. इतकी वर्षे तो माणूस आपल्याजवळ ठेवला म्हणून त्या देवाची स्तुती करतात, आणि माझा देव जिवंत आहे एवढाच आधार सांगतात.

हे पत्र अनेक पुस्तकांत शरणागतीचा नमुना म्हणून दिलेले असते. आमचे लक्ष गेले ते 'आपल्याला' ह्या शब्दाकडे. आई मुलीला उपदेश करीत नाही, तू असे कर, तसे करू नकोस, असे सांगत नाही. ती मुलीबरोबर त्याच ढगाखाली बसते आणि तेथून बोलते. सांत्वन करणारा बाहेर उजेडात उभा राहून आत अंधारात बसलेल्याला हाका मारू लागला, की जे होते ते आमच्या हातून त्या घरी झाले होते. हे पत्र वाचल्यावर आम्ही त्या बहिणीच्या घरी पुन्हा गेलो. आमचे चुकले, असे तिला सांगितले. मग तिने बाळाविषयी तासभर सांगितले आणि आम्ही ऐकले. प्रार्थना त्या दिवशी दोनच वाक्यांची झाली.

एस्तेरला ते पत्र मिळालेच नसावे. ७ एप्रिलला तीही वारली. तिच्या दोन पोरक्या मुलांना आणण्यासाठी सेराबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथेच २ ऑक्टोबरला त्यांचा अंत झाला.

ह्या सगळ्या गोऱ्या, शिकलेल्या घरच्या बायका होत्या. ह्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १७६१ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली सातएक वर्षांची एक मुलगी बॉस्टनच्या बाजारात विकली गेली. ज्या जहाजातून आली त्याचे नाव फिलिस, म्हणून तिचेही नाव फिलिस ठेवले. विकत घेणाऱ्याचे आडनाव व्हीटली. ती इंग्रजी शिकली, पवित्र शास्त्र वाचू लागली, बॉस्टनच्या मंडळीत तिचा बाप्तिस्मा झाला, आणि १७७३ मध्ये तिच्या कवितांचे पुस्तक लंडनला छापले गेले. त्या पुस्तकात शोकगीते पुष्कळ आहेत. बॉस्टनच्या घरांत कोणाचे मूल, कोणाचा नवरा वारला की ही मुलगी त्यांच्यासाठी सांत्वनाची कविता लिही. तिच्याही कविता बहुधा हेच सांगतात की बाळ स्वर्गात आनंदात आहे, आता आसवे पुसा.

पण तिच्या स्वतःच्या आईचे काय? ते मूल तर जिवंतपणीच नाहीसे झाले होते. त्याला कबर नाही, मातीही नाही. एका इंग्रज लॉर्डला लिहिलेल्या कवितेत फिलिस एकदाच त्याविषयी बोलते : मला हिसकावून नेले तेव्हा माझ्या जन्मदात्याच्या काळजात काय कालवले असेल! आईची तिला एकच आठवण होती असे सांगतात. ती पहाटे उठून उगवत्या सूर्यासमोर पाणी ओतीत असे. ज्यांच्या घरात ती गुलाम होती त्यांच्या दुःखावर तिने इतके लिहिले. त्यांतल्या किती जणांनी तिच्या आईविषयी तिला विचारले असेल? १७८४ मध्ये ती गरिबीत वारली.

आता आपल्या दाराशी येतो. मॅसॅच्युसेट्समधील हेव्हरिल गावच्या विधवा ॲटवुडबाईंची मुलगी हॅरिएट अठरा वर्षांची असताना सॅम्युएल न्यूएल ह्या तरुण मिशनऱ्याशी लग्न करून १८१२ च्या फेब्रुवारीत जहाजात बसली. ती आईला पुन्हा भेटेल ही आशा नव्हतीच. तरी आईने जाऊ दिले. कलकत्त्यास पोहोचल्यावर कंपनी सरकारने त्यांना राहू दिले नाही. मॉरिशसकडे जात असता भर समुद्रात हॅरिएट बाळंत झाली. मुलगी पाच दिवसांची होऊन गेली. ३० नोव्हेंबरला पोर्ट लुई येथे क्षयाने हॅरिएटही वारली, वय एकोणीस. दहा दिवसांनी न्यूएलसाहेबांनी सासूबाईंना पत्र लिहिले. त्यात शेवटच्या आजारातल्या बारीकसारीक गोष्टी, ती काय बोलली, हे सारे सांगितले. आईला हेच हवे असते. पुढे न्यूएलसाहेब मुंबईस आले, मराठी लोकांत त्यांनी काम केले आणि १८२१ मध्ये पटकीने मुंबईतच वारले. हॅरिएटचे चरित्र अमेरिकेत खूप खपले, तिच्या नावाने स्फूर्ती घेऊन अनेक बायका मिशनकार्याला निघाल्या. तिची आई मात्र त्या चरित्रात फारशी दिसत नाही. आपल्या मराठी मंडळीच्या पायात तिचाही एक दगड आहे.

थेस्सलनीकाकरांच्या अध्यायाचे शेवटचे वचन आपण क्वचितच नीट पाहतो. ह्या शब्दांनी एकमेकांचे समाधान करा, असे पौल तेथे सुचवितो. कोणत्या शब्दांनी? ते शब्द प्रभूच्या येण्याचे आहेत, मेलेल्यांच्या उठण्याचे आहेत, आणि त्यांच्याबरोबर आपण एकत्र असू ह्याचे आहेत. आपली माणसे चांगल्या ठिकाणी गेली, आता विसरा, असे त्यात नाही. ताटातूट खरी आहे म्हणून तर पुन्हा एकत्र येण्याचे अभिवचन लागते. ज्याला ताटातूट जाणवलीच नाही त्याला ह्या अभिवचनाची गरज काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी थोडी सूचना. हा पाठ दोन रविवार घ्यावा. पहिल्या रविवारी योहानाचा अकरावा अध्याय पस्तिसाव्या वचनापर्यंतच वाचावा आणि तेथे थांबावे. कबर उघडण्याची घाई करू नये. वर्गात ज्या मुलाच्या घरी मृत्यू झाला असेल त्याला बोलायचे असल्यास बोलू द्यावे, नसल्यास आग्रह नको. गेलेल्या माणसाचे नाव मात्र प्रार्थनेत जरूर घ्यावे, कारण घरी पुष्कळदा ते नाव घेण्याचीच बंदी असते. दुसऱ्या रविवारी उरलेला अध्याय आणि थेस्सलनीकाकरांचा भाग घ्यावा. मोठ्या मुलामुलींच्या वर्गात मेरी रोलंडसन व वीटामू यांची हकीकत सांगावी, आणि वीटामूच्या झोपडीत ते बाळ गेले त्या रात्री मेरीबाईंना काय करता आले असते, असे विचारावे. कोणी पटकन उत्तर दिले नाही तरी शिक्षकाने आपले उत्तर पुढे करू नये; थोडा वेळ वर्ग गप्प राहिला तरी चालेल.